गच्चीवरून दिसेल तो रंग

आदूल, म्हणजे दस्त लिहिणारे, नेहमी जोडीने येतात. एकट्या आदुलाने लिहिलेल्या दस्ताला कवडीची किंमत नाही, म्हणून एक लिहितो आणि दुसरा तो लिहितोय याची साक्ष देतो. जेवतात मात्र दोघंही. मौलिदच्या, म्हणजे पैगंबरजयंतीच्या, सकाळी सी बेन्नासर आणि सी ताहर पांढरे पायघोळ जेलाबा सावरत जिलालीच्या अंगणात उतरले, तेव्हा हद्दाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी त्यांची पोटं पाहिली. दोन्ही पोटं भरवशाची होती. तिला तेवढाच धीर आला, कारण तिला आज वेळ काढायचा होता आणि तो आता या दोन पोटांवरच काढावा लागणार होता.

किती वेळ काढायचा, ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरामागे, ऑलिव्हच्या रांगेपलीकडे असलेल्या कालव्याच्या तुकड्यावर वस्तीतल्या सव्वीस बाया पहाटेपासून वाकल्या होत्या. पुरुष मशिदीत पैगंबराची स्तुतिगीतं म्हणायला गेले की इकडे पोती फोडायची, असं ठरलं होतं. त्यांच्या पुढे होती झोहर, म्हणजे जिलालीची बायको, हद्दाची सख्खी भावजय. काम संपलं की झोहर जीभ हलवून लांब किलकारी देणार होती. सणाच्या दिवशी बायका किलकाऱ्या देतातच, त्यात कुणाला काय वाटायचंय? पण पुरुष मशिदीतून परत आले, आदूल आले, धाकट्या भावाची, थामीची, गाडी काझा शहरातून येऊन फाटकात उभी राहिली, तरी किलकारी काही ऐकू येईना.

"असीदा झाला का गं?" जिलालीने बाहेरून आवाज दिला. "आणि झोहर कुठाय? सकाळपासून तोंड नाही दाखवलं तिने."

"शेजारी गेलीय, सणाचं वाटायला," हद्दा म्हणाली. "आणि तिचं तोंड बघितल्याशिवाय तुझ्या घशाखाली कधीपासून घास उतरेनासा झाला, दादा?"

सगळ्या भानगडीचं मूळ होतं बाचं एक वाक्य.

सतरा वर्षांपूर्वी मौलिद मार्चच्या शेवटी आला होता. त्याच आठवड्यात हद्दा नवऱ्याचं घर सोडून, एक बोचकं आणि एक शिवणयंत्र घेऊन माहेरी आली होती. सकाळचं खाणं झाल्यावर म्हातारा बा, नाव त्याचं माती, सगळ्या गोतावळ्याला घेऊन गच्चीवर चढला. खाली ताडला मुलखाचं सगळं मैदान रंगून निघालं होतं. विहिरीच्या तुकड्यात गहू हिरवागार. वरचा तुकडा त्या साली पडीक, तिथे मोहरीचं पिवळं रान माजलेलं. आणि कालव्याच्या तुकड्यातला गहू पॉपीच्या तांबड्या रानफुलांनी असा भरला होता, की गहू शोधायला लागावा. म्हातारा कठड्याला टेकला आणि त्याने जाहीर केलं:

"मी मेल्यानंतर जो पहिला मौलिद येईल, त्या सकाळी इथे चढा आणि बघा. हिरवं दिसेल ते जिलालीचं. पिवळं दिसेल ते थामीचं. लाल दिसेल ते हद्दाचं. नुसती माती दिसली तर ती मशिदीची."

सगळे हसले होते. थोरल्याला गहू, धाकट्याला मोहरी आणि परत आलेल्या लेकीला तण! हद्दाही हसली होती. नंतर चुलीपाशी बसून तिने डोळे पुसले आणि धुरावर ढकललं. बा चेष्टा करत होता की देत होता, हे तिने त्याला सतरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. उत्तर ऐकायची तिला भीती वाटायची.

म्हाताऱ्याची चूक म्हणा, लबाडी म्हणा, एवढीच की त्याने शेतीचा महिना सांगितला नाही, सणाचा दिवस सांगितला. शेत सूर्यावर चालतं आणि सण चंद्रावर. अधिक महिना घालून चंद्राला जागेवर बसवण्याचे लाड आमच्याकडे नाहीत, त्यामुळे मौलिद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मार्चातला मौलिद फेब्रुवारीत गेला, मग जानेवारीत. तेव्हा सगळीकडे कोवळा गहू, सगळं हिरवं. त्या चार-पाच वर्षांत जिलाली बापाला गार वाऱ्यात उभं राहू देईना आणि स्वतः मात्र मिशीला पीळ देत हिंडायचा. मग मौलिद नांगरटीच्या दिवसांत आला. सगळी काळी-तांबडी माती. त्या वर्षांत मशिदीचे फकीह दर शुक्रवारी मध घेऊन म्हाताऱ्याच्या खोकल्याची चौकशी करायला यायचे. मग ऑक्टोबर, मग सप्टेंबर. पीक निघालेलं, रानभर गव्हाची धसकटं, नजर जाईल तिथे पिवळं. आणि थामी, जो काझाला टायरचं दुकान चालवायचा आणि ज्याला बैल आणि गाय यांतला फरक दोन्ही बाजूंनी बघून सांगावा लागायचा, तो महिन्यातून दोनदा बापासाठी औषधं घेऊन यायला लागला. म्हाताऱ्याने सगळ्यांची औषधं घेतली, सगळ्यांचा मध खाल्ला आणि सत्याऐंशीव्या वर्षी, ऐन एप्रिलात, कालव्याचा तुकडा तांबड्या फुलांनी पेटलेला असताना डोळे मिटले.

त्यानंतरचा पहिला मौलिद म्हणजे आजचा दिवस. सप्टेंबरचा मध्य.

कालव्याच्या तुकड्याच्या कडेला हद्दाच्या दोन खोल्या होत्या, तिने स्वतःच्या हाताने लिंपलेल्या. चार डाळिंबाची झाडं होती आणि भाकरीची भट्टी होती. सतरा वर्षं त्या तुकड्याचं पाणी तिने धरलं होतं. थामीला तिथे लग्नाचा हॉल बांधायचा होता. तसं त्याने बापाच्या चाळिसाव्यालाच, तोंडातला घास गिळायच्या आधी, सांगितलं होतं. "तुझी सोय बघू ना ताई, हॉलमध्ये भांडी घासायला विश्वासाचं माणूस लागेलच." तेव्हापासून हद्दाला झोप नव्हती.

असीदाचं मोठं ताट मधोमध आलं. रव्याचा मऊ डोंगर, वर लोण्याचं तळं, तळ्यात मध. आदूल दोन बाजूंनी सरसावून बसले. जिन्याच्या तोंडाशी रकियाआत्या पाय पसरून बसली होती. म्हाताऱ्याची ही बहीण ऐंशी पार केलेली. ऐकू कमी यायचं, पण फायद्याचं सगळं ऐकू यायचं. जिलालीने तिला सणाची तपकिरीची डबी दिली होती आणि थामीने लोकरीची शाल. तिने शाल अंगावर घेतली होती, तपकीर नाकात भरली होती, आणि अजून कुणाच्या बाजूने शिंकायचं ते ठरवलं नव्हतं.

"तर आधी कायदा सांगतो," सी बेन्नासर बोटं चाटत म्हणाले. लिहायचं काम यांचं. "कायद्याने दोघा भावांचे दोन-दोन वाटे, बहिणीचा एक. मयताने गच्चीवरून काय म्हटलं, त्याला कायद्यात जागा नाही."

"बाचा शब्द आहे तो!" थामी ताडकन म्हणाला. "बापाच्या शब्दाला जागा नाही, असा कसला कायदा?"

"आम्ही बापाला मानणारी माणसं आहोत," जिलालीनेही री ओढली. हे दोघे भाऊ एका बाजूने बोलताहेत हे दृश्य हद्दाने वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आयत्या बिळावरचा एक नागोबा होता थामी; सगळं रान पिवळं पडलेलं बघून त्याच्या पोटात गुदगुल्या होत होत्या. आणि दुसरा होता जिलाली. त्याने जुलैपासून विहिरीवरचा पंप रात्रंदिवस चालवून विहिरीच्या तुकड्यात लसूणघास लावला होता, वरच्या तुकड्याचाही एक पट्टा त्याखाली घेतला होता, कालव्याच्या तुकड्यातही बी फेकून पाहिलं होतं. तिथे मात्र कालव्याच्या पाण्याची पाळी हद्दाची होती आणि तिने दार उघडलं नव्हतं. बी चिमण्यांनी खाल्लं. एरवी हा माणूस बैलालाही मोजून पाणी पाजायचा.

"तिघांची राजीखुशी असेल तर मी म्हणाल तसं लिहीन," सी बेन्नासर म्हणाले. "पण आधी संमतीची सही, मग गच्ची. गच्चीवर गेल्यावर माणसं बदलतात, असा माझा अनुभव आहे."

"माझाही," सी ताहरनी साक्ष दिली आणि पोळीचा तुकडा मधात बुडवला.

हद्दा चहाची किटली उंच धरून फेस काढत होती. धार मोडली नाही. "मला नाही जमायचं," ती म्हणाली. "कायद्याने पाचवा वाटा मिळतोय तो सोडून रंगाच्या मागे कशाला लागू? सप्टेंबरात लाल काय असतं? थामीचे कान?"

"असं काय करतेस, ताई!" थामी गुडघ्यांवर पुढे सरकला. "बा वर बसून बघतोय. त्याला काय वाटेल?"

"त्याला वाटेल, माझी लेक शहाणी आहे."

"हद्दा, ऐक," जिलालीने वडीलधारा आवाज काढला. "तुला घरातून कोण काढतंय? माझ्या दारात भाकरी आहे ना तुला?"

"तुझ्या दारातली भाकरी मीच भाजते, दादा."

सी ताहर हसले आणि मध दाढीला लागला. हद्दाने कानोसा घेतला. ऑलिव्हमधून नुसता वारा. बायांनी काय पोतीच मोजत बसायचं ठरवलंय की काय? तिने दुसऱ्यांदा चहा ओतला, तिसऱ्यांदा ओतला. पापुद्र्याच्या पोळ्यांची नवी चवड आणली. थामी घड्याळ बघायला लागला.

"आणि एक अट," जिलाली अचानक म्हणाला. इतका वेळ त्याच्या मनात काय शिजत होतं, ते हद्दाला चांगलं ठाऊक होतं. आपला लसूणघास बघून थामी बोंब मारणार, हे तो धरून चालला होता. "गच्चीवरून जो रंग दिसेल तो दिसेल. तो कशामुळे आला, कुणी आणला, हे कुणीही विचारायचं नाही. हेही लिहा."

थामीने क्षणभर विचार केला. धसकटांना कोण काय विचारणार? देवाने वाळवलेली ती. "लिहा," तो म्हणाला. "वरून शपथ लिहा. पुन्हा कुणी कोर्टात जायचं नाही."

"ऐकलंत ना, सी ताहर?" सी बेन्नासरांनी विचारलं.

"ऐकलं. पोळीला मीठ जरा कमी आहे."

हद्दाने किटली खाली ठेवली. एवढी आयती अट तिने स्वप्नातही मागितली नसती. आनंद तोंडावर दिसू नये म्हणून तिने पदराने तोंड पुसलं. भावांना वाटलं रडतेय. जिलालीला तर खरंच वाईट वाटलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त जमीन दिसली की त्याच्यातला चांगला माणूस सावलीला जाऊन बसायचा.

"बरं," ती म्हणाली. "दोघा भावांपुढे मी एकटी काय करणार. लिहा."

सी बेन्नासरांनी लिहिलं. शपथ झाली. जिलालीने सही केली, थामीने शेपटीवाली सही केली, हद्दाने नाव लिहिलं. ते तिने चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात शिकून घेतलं होतं. एकेक अक्षर काढायला तिने आज नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला. तरी किलकारी नाही.

"चला वर," थामी उठला. "आत्या, किल्ली दे."

गच्चीच्या दाराची किल्ली रकियाआत्याच्या गळ्यात दोऱ्यात असायची, चोळीच्या आत. सगळ्या घराला हे माहीत होतं.

"काय बिल्ली?" आत्या म्हणाली.

"किल्ली! गच्चीची!"

"हां हां. कुठे ठेवली बाई मी?" तिने शाल झटकली. तपकिरीची डबी उघडून आत बघितलं. मग तिला आठवलं की ती कदाचित पिठाच्या डब्यात असेल. थामी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून आला. मग कोंबड्यांच्या खुराड्यावर. जिलाली खुराड्यावर चढला. आत्या स्वतः जागची हलली नाही. बसल्या जागी ती कधी दुवा मागत होती, कधी शिंकत होती. हद्दा तिच्याकडे बघतच राहिली. या म्हातारीला तिने बेतातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. हद्दाने आजवर तिला ना शाल दिली होती ना तपकीर; दर शुक्रवारी तिचे केस धुऊन मेंदी मात्र लावली होती.

आणि तेवढ्यात ऑलिव्हपलीकडून ती आली. लांब, कापणारी, आभाळ चिरत जाणारी किलकारी. पाठोपाठ पंचवीस गळे.

"अगं बाई," रकियाआत्या म्हणाली आणि चोळीत हात घातला. "काखेत कळसा नि गावाला वळसा. इथेच होती की."

जिना अरुंद होता. पुढे थामी, पीठ झटकत, मग जिलाली, मग धापा टाकणारे आदूल, शेवटी हद्दा. वर पोचेपर्यंत ती मनातल्या मनात पोती मोजत होती. सगळी पोती पुरली असतील का? कडेची पट्टी राहिली तर? पट्टी राहिली तर ती पिवळी दिसेल, आणि थामी बोटभर पट्टीसाठीसुद्धा भिंत घालील.

"घ्या!" थामीचा आवाज वरून आला. तो उत्तरेकडे, वरच्या तुकड्याकडे तोंड करून दोन्ही हात पसरून उभा होता. "पिवळं! बघून घ्या, सी बेन्नासर. शुद्ध पिवळं."

"पिवळं," सी बेन्नासरांनी चष्मा पुसून मान्य केलं. "एका पट्ट्याखेरीज."

"तो पट्टा कसला?" थामीने डोळे बारीक केले. "आणि हे विहिरीचं... सप्टेंबरात हिरवं? दादा, हे तू—"

"कशामुळे ते विचारायचं नाही!" जिलाली गरजला. "सही केलीस!"

थामीने खांदे उडवले. कालव्याचा तुकडा तर आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. तो हॉलच्या कमानीकडे बघावं तसा पूर्वेकडे वळला.

ऑलिव्हच्या रांगेपासून कालव्याच्या बांधापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमीन लाल होती. विटकरी नाही, तांबूस नाही. ताज्या, गोल, अंगठ्याएवढ्या मिरच्यांचा रसरशीत लाल रंग, उन्हात चकाकणारा. कडेची पट्टीसुद्धा राहिली नव्हती. डाळिंबांच्या बुंध्यांपर्यंत, भट्टीच्या ओट्यापर्यंत मिरच्या. सगळ्या वस्तीचं पीक तिथे वाळत पडलं होतं. बांधावर बाया ओळीने बसून कालव्याच्या पाण्यात पाय सोडून गच्चीकडे बघत होत्या.

हद्दाने कठडा धरला. तिला वाटलं होतं आपण हसू. पण सतरा वर्षांपूर्वीची ती सकाळच समोर उभी राहिली, आणि तिला हसू आलं नाही.

"मिरच्या आहेत त्या!" थामी ओरडला. त्याला खाल्ल्याविनाच मिरच्या झोंबल्या होत्या. "वाळत घातलेल्या मिरच्या! हा रंग आहे का जमिनीचा? ही फसवणूक आहे. आठ दिवसांनी उचलतील त्या!"

"आणि तुझी धसकटं?" हद्दा म्हणाली. "आठ दिवसांनी मेंढरं खातील ती. दादाचा घास गुरुवारी कापायचाय. शेतात मुक्कामाला कुठला रंग येतो, थामी? मला एक दाखव, मी मिरच्या उचलते."

"कशामुळे ते विचारायचं नाही," सी ताहर हळूच म्हणाले. "मी ऐकलंय."

जिलाली बांधाकडे बघत होता. तिथे त्याची बायको उभी राहिली होती, लाल झालेले हात कमरेवर ठेवून.

"झोहर!" तो कठड्यावरून ओरडला. "तू शेजारी गेली होतीस ना?"

"हे काय, शेजारीच आहे!" खालून उत्तर आलं.

"तू माझी बायको आहेस की हिची?"

"तीस वर्षं या घरात भांडायला बरोबरीचं एकच माणूस मिळालंय मला. वन्सं गेल्या तर मी कुणाशी भांडू? तुमच्याशी? तुम्हाला उत्तर सुचायला दुसरा दिवस उजाडतो!" बाया खिदळल्या. "आणि पोती कुणी वाहिली हो? चार दिवस ट्रॅक्टर कुणाचा होता?"

ते खरं होतं. पोत्यामागे दोन ओंजळी मिरच्या घेऊन जिलालीनेच सगळी पोती कालव्यावर आणून टाकली होती. सप्टेंबरात ताडलात रस्त्याच्या कडेला लाल, छपरांवर लाल, अंगणात लाल. मिरचीचा रंग इथे कुणाच्या डोळ्यांना दिसतच नाही. तो मटकन कठड्यावर बसला.

"बाला फुलं म्हणायची होती," तो कुरकुरला. "ती तांबडी फुलं. मिरच्या नव्हे. ती फुलं म्हणजे तर माझ्या जिवाला घोर होता! सतरा वर्षं, सी बेन्नासर, सतरा वर्षं मी बाला म्हणतोय, कालव्याच्या गव्हावर तणाचं औषध मारू द्या. सगळीकडे मारतो, इथेही मारतो. मारू दिलं नाही! गहू अर्धा यायचा. एकदा फवारा पाठीवर बांधून निघालो तर काठी घेऊन आडवा आला. म्हणाला, 'त्या लालला हात लावायचा नाही, ती तुझी नाही.' लोक हसायचे मला, तण पाळतोस का म्हणून."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळे हद्दाकडे बघताहेत.

हद्दा त्याच्याकडे बघत होती. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"काय सांगायचं? म्हाताऱ्याचा हेकटपणा!"

ती मागे वळली. तर बा चेष्टा करत नव्हता. दर वर्षी हातातोंडाशी आलेला गहू घालवून त्याने तिच्यासाठी तण राखलं होतं. मौलिद परत त्या फुलांवर यायला एक आयुष्य लागेल हे ठाऊक असून, आणि तोंडाने एक शब्द न काढता. मेल्या म्हाताऱ्या, सांगायला काय झालं होतं? तिला त्याचा भयंकर राग आला आणि ती गच्चीवर, दोन आदुलांच्या देखत, धाय मोकलून रडली. या वेळी धूर नव्हता.

थामी बूट बघत पुटपुटला, "वरच्या तुकड्यात पाणी तरी लागेल का?"

"नाही," जिलाली म्हणाला. "पण माझ्या पट्ट्याला पंपाचं पाणी आहे. गोड बोललास तर देईन." एवढ्यात त्यांच्यातली युती मोडलीही होती आणि नवी जुळायलाही लागली होती. जिन्यातून रकियाआत्याचा आवाज आला, कोंबडी शिजली आहे आणि वर कुणी मेलं असेल तर तेवढं सांगा म्हणून.

सी ताहरनी तो आवाज ताबडतोब ऐकला. सी बेन्नासरांनी मात्र कठड्यावर वही उघडली. विहिरीचा तुकडा हिरवा, पट्ट्यासह, जिलाली बिन माती, म्हणजे म्हाताऱ्या मातीचा लेक. वरचा तुकडा पिवळा, पट्टा वगळून, थामी बिन माती. तिसऱ्यापाशी त्यांची लेखणी थांबली.

"पूर्वेला कालवा, पश्चिमेला ऑलिव्हची रांग," ते म्हणाले. "मालकीण हद्दा बिंत माती. ओळख: लाल तुकडा. पण बाई, कागद कायमचा असतो. परवा मिरच्या उचलाल, मग नांगराल, काळा होईल. मग हिरवा होईल, पिवळा होईल. उद्या कुणी विचारलं तर? लाल कुठल्या महिन्यात, ते लिहावं लागेल."

हद्दाने नाक पुसलं. खाली बाया मिरच्या हलवायला पुन्हा वाकल्या होत्या आणि झोहर कुणाला तरी शिव्या देत होती. एप्रिलात तिथेच फुलं येतील. या वर्षीही कुणी औषध मारणार नाही.

"लाल लिहा, सी बेन्नासर," ती म्हणाली. "महिना लिहू नका."